आधी टेप, मग पत्र: अपंग व्यक्तींच्या समावेशासाठी पाठपुरावा कसा करायचा

एका सार्वजनिक वाचनालयाच्या दारात तीन पायऱ्या होत्या आणि त्यांना लागून नवाकोरा रॅम्प. त्यासाठीचं पत्र मीच दिलं होतं, त्यामुळे काम झाल्याचं कळल्यावर मैत्रिणीला घेऊन मी हौसेनं गेले. ती व्हीलचेअर वापरते. तिनं चाकांना जोर दिला, निम्म्यापर्यंत पोचली आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं जमिनीवरून सुटली. मी मागे होते म्हणून खुर्ची कलंडली नाही. खाली आल्यावर तिनं पहिला प्रश्न केला, "तुझ्याकडे टेप आहे का?"

नव्हती. दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. तिन्ही पायऱ्यांची मिळून उंची भरली ४५ सेंटीमीटर आणि रॅम्पची लांबी २ मीटर. एक सेंटीमीटर वर चढायला निदान बारा सेंटीमीटर लांबी हवी, असं प्रमाण अनेक देशांच्या बांधकाम नियमांत दिलेलं आहे. म्हणजे इथे ५४० सेंटीमीटर, जवळजवळ साडेपाच मीटर लांबीचा रॅम्प लागणार होता. बांधलेला त्याच्या निम्माही नव्हता.

माझ्या पत्रात मी लिहिलं होतं, "अपंग व्यक्तींसाठी रॅम्पची सोय करावी." त्यांनी ती केली. पत्र लिहिण्याआधी मी मैत्रिणीला एका शब्दानं विचारलं नव्हतं आणि पत्रात एकही माप दिलं नव्हतं. तिथून पुढे आम्ही बरोबर काम करायला लागलो आणि हळूहळू एक पद्धत बसत गेली. ती इथे क्रमानं मांडते आहे. तुम्ही स्वतः अपंग असाल, घरात कुणी असेल किंवा नुसती कळकळ असेल, तरी सुरुवात इथूनच करता येईल.

१. पुढे कोण असेल ते आधी ठरवा

जगभरच्या अपंग हक्क चळवळीची एक घोषणा आहे: "आमच्याविषयी, पण आमच्याशिवाय काहीही नको." ही नुसती घोषणा राहिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात, चौथ्या कलमात, अपंग व्यक्तींशी संबंधित निर्णय घेताना सरकारांनी त्या व्यक्तींशी आणि त्यांच्या संघटनांशी सल्लामसलत केलीच पाहिजे असं लिहिलेलं आहे. सरकारला जे बंधन आहे ते आपणही पाळायला हवं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. ज्या दारातून आत जाता येत नाही, त्या दाराबद्दल बोलायला तिथे अडणारी माणसं पुढे हवीत. त्यांना भाषण करायला आवडत नसेल तर पत्र वाचून दाखवू देत, मोजमाप करू देत, मागणीचा क्रम लावू देत. आपण गाडीची सोय करू, टिपणं काढू, फोन करू. कुणाला बैठकीला बोलावताना त्यांचा येण्याजाण्याचा खर्च आणि वेळ यांचाही विचार करा. अपंग माणसांना सल्ला फुकट मागायची सवय फार जुनी आहे आणि ती मोडायला हवी.

एकाच व्यक्तीला विचारून थांबू नका. अपंगत्व एका प्रकारचं नसतं आणि गरजा कधीकधी एकमेकींच्या आड येतात. फूटपाथची कड रस्त्याच्या पातळीला आणली की व्हीलचेअर सहज उतरते, पण पांढऱ्या काठीनं कड शोधणाऱ्या अंध माणसाला फूटपाथ कुठे संपला ते कळत नाही आणि तो सरळ रहदारीत जातो. म्हणून तिथे पायाला आणि काठीला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा लावतात. हा तोडगा दोघांना एकत्र बसवल्याशिवाय सुचत नाही.

पालकांचं आणि काळजी घेणाऱ्यांचं म्हणणं महत्त्वाचं आहेच, पण ते वेगळं म्हणणं आहे. आईला मुलाच्या सुरक्षिततेची काळजी असते, तर मुलाला एकट्यानं बसनं जायचं असतं. दोन्ही ऐका, दोन्ही वेगवेगळं लिहून ठेवा. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींशी बोलताना वाक्यं छोटी ठेवा, एका वेळी एकच गोष्ट विचारा आणि उत्तराची वाट पाहा. शांतता पसरली की शेजारचा माणूस उत्तर देऊन मोकळा होतो. त्याला नम्रपणे थांबवणं हे तुमचं काम आहे.

शब्दांबद्दल थोडंसं. मराठीत अपंग, विकलांग, दिव्यांग असे शब्द आहेत आणि प्रत्येकाची आवड वेगळी. समोरच्यालाच विचारा. 'मतिमंद' आणि 'मूकबधिर' हे शब्द मात्र सोडून द्या. बहुतेक कर्णबधिर व्यक्तींना वाचा असते आणि सांकेतिक भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, त्यामुळे 'मूक' म्हणणं अपमानाचं आहे तसंच चुकीचंही आहे. "व्हीलचेअरला खिळलेली" असंही लिहू नका. व्हीलचेअरनंच तिला घराबाहेर नेलेलं असतं.

२. अडथळा नेमका कुठे आहे ते शोधा

१९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी एक साधी पण मूलगामी मांडणी केली. शरीरातली कमतरता वेगळी आणि समाजानं उभे केलेले अडथळे वेगळे. पाय चालत नाहीत हे शरीराचं झालं, पण वाचनालयात जाता येत नाही ते पायऱ्यांमुळे. या मांडणीला पुढे सामाजिक प्रतिमान असं नाव मिळालं. पाठपुरावा करणाऱ्याला तिचा मोठा उपयोग होतो, कारण पायऱ्या कुणीतरी बांधलेल्या असतात, त्या बदलण्याचा अधिकार कुणाकडे तरी असतो आणि त्या माणसाचा पत्ता शोधता येतो.

बांधकामातले अडथळे डोळ्यांना दिसतात. माहितीतले कमी दिसतात: घोषणा फक्त कानावर पडते, सूचना फक्त फलकावर असते, अर्ज स्क्रीन रीडरला, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला, वाचता येत नाही. सगळ्यांत चिवट अडथळे नियमांत आणि वृत्तीत लपलेले असतात. अंगठा उठवणाऱ्याला खातं उघडू न देणं, परीक्षेत लेखनिक मिळाला तरी जादा वेळ न देणं, नोकरीच्या जाहिरातीत कामाला न लागणारी शारीरिक अट घालणं, शाळेत प्रवेश देऊन सहलीला मात्र घरी ठेवणं. यांना रॅम्प पुरत नाही, त्यासाठी परिपत्रक बदलावं लागतं.

यादी मोठी होईल. तिच्यातलं एकच निवडा. निवडताना तीन गोष्टी बघा: किती जण अडतात, ते किती वेळा अडतात आणि बदल करण्याचा अधिकार एका ठिकाणी आहे का. "शहर सुगम करा" ही मागणी कुणाच्याच टेबलावर बसत नाही. "तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहाचं दार रुंद करा" ही एका माणसाच्या टेबलावर नक्की जाते.

३. मोजा

माझ्या मते सगळ्या कामाचा कणा हाच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

एक टेप, वही, मोबाइलचा कॅमेरा आणि शक्य असेल तर व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती व एक अंध किंवा अल्पदृष्टी व्यक्ती, एवढं पुरतं. फाटकापासून सुरुवात करा आणि प्रत्यक्ष काम जिथे होतं त्या टेबलापर्यंत जा. वाटेत एक जरी दुवा तुटला तरी बाकीची सगळी सोय वाया जाते.

रॅम्पची उंची आणि लांबी मोजून भागाकार करा. १:१२ पेक्षा तीव्र असेल तर लिहा. दोन्ही बाजूंना कठडे आहेत का, वर आणि खाली वळायला सपाट जागा आहे का, पृष्ठभाग ओला झाला की घसरतो का? दार पूर्ण उघडून मधली मोकळी जागा मोजा, चौकट मोजू नका. निरनिराळ्या देशांच्या नियमांत ती साधारण ८० ते ९० सेंटीमीटर लागते. व्हीलचेअर जागेवर फिरायला साधारण १५० सेंटीमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. स्वच्छतागृहात ते आहे का बघाच, आणि दार बाहेर उघडतं का हेही पाहा. दार आत उघडत असेल आणि माणूस आत पडला, तर त्याच्याच शरीरामुळे ते अडतं आणि मदतीला कुणालाही आत जाता येत नाही. अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात बादल्या, झाडू आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात, त्यांचा फोटो काढा. ते उघडायची किल्ली कुणाकडे असते आणि ती मिळायला किती मिनिटं लागतात तेही लिहा.

वेबसाइट तपासायला तज्ज्ञ लागत नाही. माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅबच्या कळीनं अर्ज भरून बघा. कुठे अडकलात ते लिहा. मग फोनमधला टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (फोनमध्येच असलेले स्क्रीन रीडर) सुरू करून तेच पान ऐका. "बटन, बटन, बटन" एवढंच ऐकू आलं तर त्या बटनांना नावं दिलेली नाहीत. मराठीत आणखी एक अडचण हमखास सापडते: जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर. डोळ्यांना तो स्वच्छ मराठी दिसतो, पण स्क्रीन रीडर त्यातून निरर्थक अक्षरं वाचतो. कागद स्कॅन करून पीडीएफ म्हणून चढवलेला असेल तर वाचायला काहीच उरत नाही, कारण ते नुसतं चित्र असतं. संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांत साध्या आकाराची अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडदपणातला फरक, निदान ४.५:१ हवा असं दिलेलं आहे, आणि तो मोजणारी मोफत साधनं सहज मिळतात.

आता माणसं मोजण्याविषयी. "आमच्याकडे असं कुणी नाहीच" हे उत्तर येणार हे धरून चाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे साधारण सहांतली एक व्यक्ती. तुमच्या संस्थेतला आकडा काढायचा असेल तर "तुम्ही अपंग आहात का?" असं विचारू नका. लाजेनं किंवा भीतीनं लोक नाही म्हणतात. त्यासाठी अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या 'वॉशिंग्टन ग्रुप' या आंतरराष्ट्रीय गटाची सहा प्रश्नांची छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. चष्मा लावूनही दिसायला, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला, चालायला किंवा पायऱ्या चढायला, आठवायला किंवा लक्ष द्यायला, अंघोळ-कपड्यांसारखी स्वतःची कामं करायला आणि आपलं म्हणणं समजावायला किंवा दुसऱ्याचं समजून घ्यायला त्रास होतो का, एवढंच त्यात विचारलेलं असतं. उत्तरं चार: त्रास नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. निदान एका प्रश्नाला "खूप" किंवा "अजिबात जमत नाही" असं उत्तर आलं की ती व्यक्ती आकड्यात धरतात. अपंग हा शब्द प्रश्नांत कुठेच येत नाही, म्हणून लोक मोकळेपणानं सांगतात.

४. कायद्याचा आधार शोधा

संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी संमत झाला आणि ३ मे २००८ पासून लागू आहे. जगातल्या बहुतेक सगळ्या देशांनी तो मान्य केलेला आहे. त्याची कलमं पाठ करायची गरज नाही, आपल्या कामाचं कलम तेवढं माहीत असू द्या: ९वं सुगम्यतेचं, १२वं कायद्यापुढे समान मान्यतेचं, १९वं समाजात स्वतंत्रपणे राहण्याचं, २४वं शिक्षणाचं, २७वं रोजगाराचं, २९वं मतदानाचं आणि राजकीय सहभागाचं. मग आपल्या देशाच्या कायद्यात आणि बांधकाम नियमांत तीच गोष्ट कुठे आहे ते शोधा. पत्रात आधी देशाचा कायदा यावा, करार नंतर. अधिकाऱ्याला स्वतःच्या नियमावलीतलं कलम जास्त जवळचं वाटतं.

एक फरक नीट समजून घ्या, कारण याच्यावरच बरेच जण फसतात. सुगम्यता म्हणजे सगळ्यांसाठी आधीच करून ठेवायची सोय: रॅम्प, रुंद दार, वाचता येणारी वेबसाइट. कुणी मागायची वाट बघायची नाही. वाजवी सोय म्हणजे एका व्यक्तीनं मागितल्यावर तिच्यापुरता केलेला बदल: परीक्षेत जादा वेळ, कामाची बदललेली पाळी, मुलाखतीला सांकेतिक भाषेचा दुभाषी. संस्थेवर अवास्तव बोजा पडणार नसेल तर वाजवी सोय नाकारणं हाच करारानुसार भेदभाव आहे. त्यामुळे "तुम्ही आधी अर्ज करा, मग रॅम्पचं बघू" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की रॅम्प ही मागितल्यावर द्यायची गोष्ट नाही, तो आधीपासून असायला हवा.

५. मागणी अशी लिहा की ती झाली का नाही ते कळेल

मार्च १९८८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं. १८६४ साली उच्च शिक्षणाला सुरुवात झालेल्या या संस्थेला तोवर एकही कर्णबधिर अध्यक्ष मिळाला नव्हता, आणि विश्वस्तांनी पुन्हा ऐकू येणारीच व्यक्ती निवडली. विद्यार्थ्यांनी "आम्हाला मान द्या" असं म्हटलं नाही. त्यांच्या चार मागण्या होत्या: नव्या अध्यक्षांनी पायउतार व्हावं आणि कर्णबधिर अध्यक्ष नेमावा, विश्वस्त मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा द्यावा, मंडळात किमान ५१ टक्के सदस्य कर्णबधिर असावेत, आणि आंदोलन करणाऱ्या कुणावरही सूड उगवला जाऊ नये. आठवड्याभरात चारही मान्य झाल्या आणि आय. किंग जॉर्डन पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले.

त्यातली चौथी मागणी मला फार शहाणपणाची वाटते. तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली होते, विद्यार्थ्याचे गुण कापले जातात, पालकांना "दुसरी शाळा बघा" असं सुचवलं जातं. तुमच्यातल्या कुणाला अशी भीती असेल तर ती मागणी पहिल्याच पत्रात घाला.

वाचनालयाला आम्ही दिलेलं दुसरं पत्र साधारण असं होतं:

"विषय: मुख्य दाराजवळच्या रॅम्पची दुरुस्ती

आम्ही वाचनालयाच्या सभासद आहोत. मुख्य दाराशी ४५ सेंटीमीटर उंचीवर पोचणारा रॅम्प २ मीटर लांब आहे. त्याचा उतार साधारण १:४.५ येतो. आमच्यापैकी एक व्हीलचेअर वापरते. रॅम्प चढताना तिची खुर्ची मागे कलंडू लागली. मापं आणि फोटो सोबत जोडले आहेत. आमची विनंती अशी:

१. उतार १:१२ किंवा त्याहून सौम्य करावा, दोन्ही बाजूंना कठडे आणि वर-खाली सपाट जागा द्यावी.
२. आराखडा कायम करण्याआधी तो आम्हाला दाखवावा.
३. काम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त तीन महिने, मागचं सपाट दार उघडं ठेवावं.

या पत्राचं लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावं."

एक पान, त्याहून जास्त नको. दुःखाची कहाणी लिहायचा मोह होतो, तो आवरा. दया आली की देणगी मिळते आणि रॅम्प तसाच राहतो. तात्पुरत्या सोयीला मुदत घालायला विसरू नका, नाहीतर मागचं दार कायमचं होऊन बसतं. पत्राची पोच घ्या, त्यावर तारीख आणि सही घ्या.

६. भेटीला जाताना

दोघं किंवा तिघं जा. एकानं बोलायचं, एकानं लिहायचं. अधिकारी सोबतच्या माणसाकडे बघून "यांना काय हवंय?" असं विचारतो, हे नेहमीचं. तेव्हा उत्तर देऊ नका. मान वळवून ज्यांना हवं आहे त्यांच्याकडे बघा. मी हे शिकायला बराच वेळ घेतला. चार-पाच सेकंद अवघड जातात, पण मग अधिकाऱ्याची नजर आपोआप योग्य जागी जाते.

ठरावीक उत्तरं येतात, त्यांची तयारी आधी करून ठेवा.

"असे लोक इथे येतच नाहीत." रॅम्प नसेल तर कसे येतील, एवढाच प्रतिप्रश्न पुरतो. सहा प्रश्नांच्या प्रश्नावलीतला आकडा हाताशी असेल तर तो पुढे ठेवा.

"आमची माणसं उचलून नेतील की." हे मनापासून म्हटलेलं असतं, म्हणून रागावू नका. मैत्रीण त्यावर जे सांगते तेच मी इथे लिहिते: "उचलताना माझं शरीर अनोळखी हातांत असतं. कुठे धरायचं ते त्यांना माहीत नसतं. एकाचा पाय सटकला तर हाड माझं मोडतं. आणि परत केव्हा जायचं हे मला त्यांच्या सवडीनं ठरवावं लागतं." हे तिनं स्वतः सांगितल्यावर खोली शांत होते.

"निधी नाही." आपण पर्याय घेऊन जावं. फलकावरचा रंग बदलायला, स्वच्छतागृहातलं सामान हलवायला, खिडकीपाशी टेबल ठेवायला, अर्ज युनिकोडमध्ये टाइप करायला फारसं काही लागत नाही. ती कामं या महिन्यात मागा. मोठं काम पुढच्या अंदाजपत्रकात कोणत्या तारखेपर्यंत घालता येईल ते विचारा आणि ती तारीख लिहून घ्या. नवीन बांधकाम असेल तर सुरुवातीलाच सोय केली की खर्च किरकोळ वाढतो, तोडफोड करून नंतर करायला मात्र जड जातो.

"तुमच्याच सुरक्षिततेसाठी." या उत्तरापासून सावध राहा, ते प्रेमळ वाटतं. अमेरिकेतल्या अपंग हक्क कार्यकर्त्या ज्युडी ह्यूमन यांना पोलिओ झाला होता आणि त्या व्हीलचेअर वापरत. पाच वर्षांच्या असताना न्यूयॉर्कच्या शाळेनं त्यांना आत घेतलं नाही. आग लागली तर त्यांच्यामुळे धोका होईल, असं कारण दिलं. त्या शिकून मोठ्या झाल्या, तरी १९७० साली शिक्षिकेचा परवाना त्याच कारणानं नाकारला गेला. त्यांनी खटला भरला, परवाना मिळवला आणि शिकवलंही. सुरक्षिततेचा मुद्दा निघाला की विचारा, आग लागल्यावर सगळ्यांना बाहेर काढायची योजना काय आहे, आणि तिच्यात व्हीलचेअर वापरणारे, कर्णबधिर, अंध लोक कसे बाहेर पडतील?

निघण्याआधी बैठकीत काय ठरलं ते मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्याच संध्याकाळी ते लेखी पाठवा.

७. तुमची स्वतःची सभाही तपासा

पाठपुराव्याची बैठकच पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जागी भरवलेली मी पाहिली आहे. जागा तळमजल्याची घ्या आणि स्वच्छतागृह आधी जाऊन बघा. निमंत्रणातच विचारा, "तुम्हाला सहभागी होण्यासाठी कोणती सोय लागेल?" सभा लांबणार असेल तर सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन ठेवा, ते दर वीसेक मिनिटांनी आळीपाळीनं काम करतात. एकावरच भार टाकला तर थकव्यानं अर्थ निसटत जातो. बोलणाऱ्यानं आधी नाव सांगावं, म्हणजे अंध व्यक्तीला कोण बोलतंय ते कळतं. कागदपत्रं आदल्या दिवशी ईमेलनं पाठवा. प्रत्येक अंध व्यक्ती ब्रेल वाचते असं नाही, बरेच जण आवाजावर ऐकतात.

८. सोडू नका

अमेरिकेत १९७३ सालीच कायदा झाला होता. त्याच्या ५०४व्या कलमानं सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंग व्यक्तींशी भेदभाव करायला मनाई केली. पण अंमलबजावणीच्या नियमांवर सही होईना. चार वर्षं गेली. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत अपंग कार्यकर्ते शिरले आणि तिथेच मुक्काम ठोकला. ज्युडी ह्यूमन त्यांच्यात होत्या. इमारतीतले फोन बंद केले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीत उभं राहून सांकेतिक भाषेत बाहेर निरोप पोचवले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. कायदा झाला म्हणून निर्धास्त झालेल्यांना मी नेहमी ही मधली चार वर्षं सांगते.

तुम्हाला धरणं धरावं लागेलच असं नाही. एक वही करा: कुणाला, केव्हा, काय लिहिलं, काय उत्तर आलं, पुढची तारीख कोणती. १५ दिवसांत उत्तर नाही तर स्मरणपत्र. पुन्हा नाही तर वरच्या अधिकाऱ्याला, आधीच्या पत्रांच्या प्रती जोडून. त्यापुढे देशातली अपंग हक्कांची तक्रार यंत्रणा, मानवी हक्क आयोग, न्यायालय. अधिकारी बदलतात आणि नवा माणूस "मला कल्पना नाही" म्हणतो, तेव्हा ही वहीच कामाला येते.

वृत्तपत्रांत जायचं असेल तर मापं आणि तारखा घेऊन जा, आणि फोटो काढण्याआधी संबंधित व्यक्तीची संमती घ्या.

मोठ्या पातळीवर आणखी एक वाट आहे. करार मान्य केलेल्या देशांना संयुक्त राष्ट्रांच्या समितीला ठरावीक मुदतीनं अहवाल द्यावा लागतो, पहिला दोन वर्षांत आणि नंतर किमान दर चार वर्षांनी. अपंग व्यक्तींच्या संघटना त्याला समांतर अहवाल पाठवू शकतात. गावोगावच्या अशा वह्यांतले आकडे तिथे पोचले तर "आमच्याकडे सगळं सुरळीत आहे" या सरकारी वाक्यासमोर ठेवायला पुरावा असतो. हे एकट्यानं जमणारं नाही, त्यासाठी संघटनेशी जोडून घ्या.

९. काम झालं की पुन्हा मोजा

वाचनालयाच्या दुसऱ्या पत्रानंतर अभियंता आला, कारण २ मीटर आणि ५४० सेंटीमीटर यांतला फरक मोजून बघायला कुणाला तरी पाठवावंच लागलं. जागा सरळ रेषेत पुरत नव्हती. मधे वळण आणि सपाट टप्पा घ्यायचा हे मैत्रिणीनं त्याच्या आराखड्यावर पेन्सिलीनं काढून दिलं. मुदत दोनदा उलटली, तीन स्मरणपत्रं गेली.

रॅम्प झाल्यावर आम्ही दोघी पुन्हा गेलो. या वेळी टेप तिच्याच मांडीवर होती. ती एकटी वर गेली, मधल्या टप्प्यावर थांबली, वळली आणि दारापर्यंत पोचली. दार जड होतं, आपोआप मिटणारं. एका हातानं ते ढकलायचं तर दुसऱ्या हातानं खुर्ची सरळ राहत नव्हती, चाक चौकटीत अडकत होतं. तिनं तिथूनच मला हाक मारली, "वहीत लिही. दार मिटवणारा स्प्रिंग सैल करायचा, आणि आतून-बाहेरून उभी मूठ. आज तारीख किती?"